काकांची चित्रं गॅलरीमार्फत विकायचीयेत, ५० टक्के कमिशन म्हणजे जास्त होतंय का?

छत्रीबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण या वेळी अडलोय म्हणून विचारून राहिलोय.

आमचे धाकटे काका चित्रकार. पोटापाण्यासाठी शाळेत ड्रॉइंग मास्तर, पण घरी आले की चित्रच. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली इंदुरात चित्रशाळा काढली त्याच शाळेत शिकलेले, मास्तरांच्या नंतरच्या पिढीतले. लग्न केलं नाही, मृत्युपत्रात सगळी चित्रं माझ्या नावावर करून गेले. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, महेश्वरचा घाट, मांडू असे वॉटरकलर भरपूर, थोडे ऑईल, आणि स्केचेसचा तर हिशोबच नाही. सगळं लोखंडी कपाटात आणि दिवाणाखालच्या ट्रंकेत. नदीत खरंच पाणी असायचं तेव्हाची कान्ह नदी बघायची असेल तर आमच्या ट्रंकेत बघा.

मुंबईच्या एका गॅलरीला (जुन्या पिढीतल्या चित्रकारांचंच काम करतात) फोटो पाठवले होते, त्यांचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला सगळं काम आम्हाला द्या, शो करू, कॅटलॉग छापू, विकलं जाईल त्याचे निम्मे आमचे, फ्रेमिंगचा खर्च वेगळा वळता करू. दुसरीकडे इथला एक जुन्या सामानाचा व्यापारी आहे, तो म्हणतो एकरकमी कॅश घ्या आणि मोकळे व्हा. बायको म्हणते दोघांनाही नको, आधी चार लोकांना विचारा. तर विचारतोय. निम्मे म्हणजे जास्त नाही का होत?

भिया_पोहेवाला

अरे भिया निम्मे?? काकांनी आयुष्यभर रंग घासले आणि हे भिंतीला खिळा मारायचे निम्मे घेणार? दिवसाढवळ्या लूट आहे. फेसबुकवर टाक, इन्स्टावर टाक, इंदुरात एवढे नवीन बंगले होऊन राहिलेत, बायपासला तर विचारूच नको, राजवाड्याचं चित्र कोण नाही घेणार. मी स्वतः एक घेतो, मला फॅमिली रेट लावशील ना :)

लालटिकली

मी बरीच वर्षं मुंबईत काळा घोड्याजवळ एका गॅलरीत नोकरी केली, आता इंदुरातच असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर हलके घ्या.

पोहेवाले दादा, तुमचा राग समजतो पण खिळ्याचे पैसे कोणी घेत नाही हो. जिवंत चित्रकार असो नाहीतर गेलेल्या चित्रकाराच्या घरची चित्रं, शो करून विकायचं असेल तर गॅलरी साधारण ३३ ते ५० टक्के घेते, म्हणजे ५० वरच्या टोकाचं आहे पण जगावेगळं नाही. त्यात काय काय येतं ते सांगते. जागेचं भाडं, माणसं, लाइट, फोटोग्राफी, कॅटलॉगची छपाई, लेख लिहून घेणं, ओपनिंग, इन्शुरन्स, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांची ती गिऱ्हाइकांची वही. कुठल्या डॉक्टरांना मध्य भारतातले लँडस्केप आवडतात, कोण फक्त कागदावरचंच काम घेतो, कुणाच्या घरी आधीच बेंद्र्यांचं (ना. श्री. बेंद्रे, इंदूरचेच मोठे चित्रकार) चित्र आहे आणि आता त्याच मातीतलं दुसरं काही हवंय, हे त्या वहीत असतं. ती वही तुम्हाला फेसबुकवर मिळत नाही.

आणि दुसरं म्हणजे कागद. चित्रासोबत गॅलरीचं इन्व्हॉइस आणि सर्टिफिकेट जातं, म्हणजे पुढे ते चित्र कुणी विकायला काढलं तर त्याला विचारायला एक दार असतं. तुमच्या काकांचं नाव आज बाजारात कुणाला माहीत नाही (वाईट वाटून घेऊ नका), ते नाव उभं करायचं काम कुणीतरी करायला लागणार, निम्मे त्याचे आहेत. तेवढं काम करणार असतील तर द्या. नुसतं गोडाऊनमध्ये ठेवून कुणी विचारलं तर दाखवू म्हणत असतील तर निम्मे कशाला, दहा टक्केही देऊ नका.

म्हणून "५० टक्के जास्त का" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि त्यांना हे विचारा: शो कधी, किती चित्रांचा, कॅटलॉग किती पानी, लिहिणार कोण, आणि आजवर अशा विस्मृतीत गेलेल्या चित्रकारांचे कुठले शो केलेत. उत्तर द्यायला ततपप झालं की समजायचं.

एक मात्र करू नका. "सगळं काम" देऊ नका. कधीच नाही.

छत्रीबाग_इंदूर

लालटिकली ताई, फार आभार. सगळं का देऊ नये? तो माणूस तर म्हणत होता की तुकड्यातुकड्याने दिलं तर भाव राहत नाही.

लालटिकली

उलटं आहे. ट्रंकभर चित्रं एकदम बाजारात आली तर भाव कसा राहील? शोमध्ये भिंतीवर लागणार पंचवीस-तीस. तेवढी द्या, थोडी जास्त द्या बदली म्हणून, बाकीची घरी. पहिल्या शोला काय होतं बघा, मग पुढचं. आणि उत्तमातली काही मुळात विकूच नका. पुढे कुणी संग्रहालयाने मागितलं, कुणी पुस्तक करायचं म्हटलं, तर घरात हवीत ना.

दांडियाबाजार

बडोद्याहून लिहितोय. मी फाइन आर्ट्सचा (एम. एस. युनिव्हर्सिटी), प्रिंटमेकिंग केलंय, आता पेंटिंगही करतो, मुंबईची एक गॅलरी माझं काम बघते. ताईंना +१, पण विकणाऱ्या चित्रकाराच्या बाजूने थोडं.

आमच्याकडे शिकत असतानाच अ‍ॅन्युअल डिस्प्लेला गॅलरीवाले चक्कर मारून जातात, त्यामुळे बडोद्याच्या पोरांना गॅलरी म्हणजे काय हे विशी-बाविशीतच कळतं. इंदूरची चित्रशाळा आमच्या फाइन आर्ट्सपेक्षा जुनी, अहो आमचं डिपार्टमेंट १९५० साली सुरू झालं तेव्हा पेंटिंगला बेंद्रे सर आले ते तुमच्या इंदूरचेच की, पण बाजाराची सवय इंदुराला कमी लागली असं मला वाटतं. तिकडे चित्रकार मास्तर झाले आणि चित्रं ट्रंकेत गेली. तुमच्या काकांसारखीच. (हे माझं मत आहे, इंदूरकरांनी अंगावर धावून येऊ नये.)

मुद्दा असा की एकदा गॅलरीत किंमत लागली की ती सगळीकडे तीच. माझ्याकडे अलकापुरीतून एक ओळखीचे गृहस्थ आले, अमेरिकेतल्या मुलाच्या घरासाठी चित्र हवं होतं, गॅलरीत बघून आलेले, म्हणे भाई गॅलरीचे निम्मे वाचतात ना मग मला निम्म्यात द्या. मी सरळ म्हटलं काका गॅलरीत जा, मी इथून देणार नाही. चिडले, पण घेतलं शेवटी गॅलरीतूनच. मी त्यांना निम्म्यात दिलं असतं तर ज्याने महिन्यापूर्वी पूर्ण पैसे मोजून घेतलं त्याच्या भिंतीवरच्या चित्राची किंमत मी त्याच दिवशी अर्धी केली असती, आणि हे गाव छोटंय, सगळ्यांना सगळं कळतं. तेव्हा छत्रीबाग, पोहेवाले भियांना फॅमिली रेट द्यायचा असेल तर गॅलरीशी करार करायच्या आधी द्या, नंतर नाही :)

किंमत कशी लावतात ते पण सांगतो, कारण पुढचं भांडण तिथेच होणार आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी स्क्वेअर इंचाचा दर धरतात. माध्यमाप्रमाणे दर वेगळा, कॅनव्हासवरच्या ऑईलला जास्त, कागदाला कमी, बाकी मग आकार गुणिले दर. ऐकायला कापडाच्या दुकानासारखं वाटतं, पण त्यात एक सोय आहे, घरच्यांच्या भावना मध्ये येत नाहीत. तुम्हाला महेश्वरचा घाट जीव की प्राण असेल म्हणून तो दुप्पट आणि शेजारचा मांडू निम्मा असं चालत नाही. आणि सुरुवात खालून करा. भाव वर नेता येतो, एकदा लावलेला खाली आणला की संपलं.

भिया_पोहेवाला

बरं भिया, घेतले शब्द मागे. फॅमिली रेटचं तेवढं लक्षात ठेव.

कडू_बदाम

सगळे गॅलरीची आरती ओवाळताहेत म्हणून दुसरी बाजू. माझ्या मावशीची चित्रं एका गॅलरीने "कन्साइनमेंटवर" (म्हणजे विकलं तर पैसे, नाहीतर चित्र परत) नेली. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. कागद म्हणाल तर एका लेटरहेडवर "रिसीव्ड पेंटिंग्ज" आणि खाली सही, बास. कुठली चित्रं, केवढी, किमती काय, परत कधी, काही नाही. मग फोन केला की "मॅडम, बाजार थंड आहे". मावशी एकदा लग्नाला गेली होती तर तिथे एका हॉलमध्ये तिचंच चित्र टांगलेलं! म्हणजे विकलं गेलं होतं आणि हिला पत्ताच नाही. विचारल्यावर म्हणे "अकाउंटंट बदलला". पैसे मिळाले शेवटी, पण मोठा डिस्काउंट देऊन विकलं होतं आणि तो सगळा डिस्काउंट मावशीच्या वाट्यातून कापलेला. दोन चित्रं परत आली त्यातल्या एकाच्या कोपऱ्याला भोक. इन्शुरन्स? तो कशाशी खातात.

गॅलरीत द्या, पण बापाला दिलं तरी लिहून घ्या.

लालटिकली

कडू_बदाम, दुर्दैवाने हे नवीन नाही, आणि "अकाउंटंट बदलला" तर मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

छत्रीबाग, तर करारात काय हवं ते लिहिते, क्रम डोक्यात येईल तसा. प्रत्येक चित्राचा फोटो आणि त्यासमोर नाव, माध्यम, साल, माप, सही कुठे आहे, आज अवस्था कशी आहे (डाग, चीर, घडी सगळं). प्रत्येकाची विक्रीची किंमत. डिस्काउंट जास्तीत जास्त किती आणि तो कुणाच्या खिशातून. गिऱ्हाईक कुठलंही असो १० टक्के मागतंच, जुनं गिऱ्हाईक जास्त मागतं, तेव्हा एका मर्यादेपर्यंत दोघांनी निम्मा निम्मा आणि त्यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय नाही, असं स्वच्छ लिहा. गिऱ्हाइकाचे पैसे आल्यापासून ३० दिवसांत तुमचे पैसे. चित्र तुमच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तुमच्या भिंतीवर येईपर्यंत इन्शुरन्स त्यांचा. पैसे मिळेपर्यंत चित्राचे मालक तुम्ही, हे वाक्य हवंच हवं, कारण उद्या गॅलरीच बुडाली तर तिच्या घेणेकऱ्यांना तुमच्या चित्रांवर हात टाकता येऊ नये. करार किती काळाचा, आणि संपल्यावर न विकलेलं कुणाच्या खर्चाने परत.

फ्रेमिंगचं म्हणाल तर मी भांडले असते. खर्च वेगळा कापणार असतील तर कमिशन ४० वर आणा. नाहीतर ५० ठेवा आणि फ्रेम त्यांच्या. दोन्ही कशाला?

छत्रीबाग_इंदूर

ताई, करार त्यांनी पाठवलाय. बाकी ठीक वाटतंय (म्हणजे आता तुमचं वाचल्यावर अजिबात ठीक वाटत नाहीये), पण एक ओळ आहे की "चित्रांसंबंधीचे सर्व हक्क गॅलरीकडे राहतील". हे काय असतं?

वकील_नाही_पण

ती ओळ खोडा. आत्ताच खोडा, मग चहा प्या.

चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. तो वेगळा लिहून दिला तरच जातो. काका गेल्यानंतर ६० वर्षं तो वारसांकडे, म्हणजे मृत्युपत्र तसं असेल तर तुमच्याकडे. "सर्व हक्क" लिहून दिलेत तर उद्या त्याच महेश्वरच्या घाटाचं कॅलेंडर, डायरी, मग, प्रिंट काय वाटेल ते निघेल आणि तुम्ही दिवाळीला ते कॅलेंडर विकत आणाल. कॅटलॉगपुरती आणि जाहिरातीपुरती छापायची परवानगी द्या, ती द्यावीच लागते, त्यापुढे नाही.

अवांतर: आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३ए म्हणून एक कलम आहे. मूळ चित्र पुढे पुन्हा विकलं गेलं आणि किंमत १०,००० च्या वर असेल तर चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा त्यात वाटा, जास्तीत जास्त १० टक्के. कागदावर फार गोड कलम आहे, प्रत्यक्षात ते पैसे आपणहून कुणी आणून देत नाही.

पुठ्ठा_आणि_काच

आम्ही ग्वाल्हेरचे, दौलतगंजात तीन पिढ्या फ्रेमिंगचं काम. कागदावरचं काम दिवाणाखालच्या ट्रंकेत आहे वाचून पोटात गोळा आला.

दादा, आधी ते बाहेर काढा. कोरड्या दिवशी, पावसाळी हवेत नाही. साफ करायला जाऊ नका. ओलं फडकं नाही, ब्रेड नाही, बटाटा नाही, यूट्यूबवर दाखवतात ते काहीही नाही. मऊ कोरडा ब्रश फार तर, तोही जिथे रंग सुटत नाहीये तिथेच. मागे हार्डबोर्ड लावला असेल तर कागद पिवळा-तपकिरी पडला असणार, हार्डबोर्डातलं अ‍ॅसिड कागद खातं. पण स्वतः सोलू नका. सेलोटेप असेल तर ती तर मुळीच ओढू नका, रंगासकट येते. बुरशीचे बारीक तपकिरी ठिपके दिसतील, ते घालवायचे असतात पण ते काम कॉन्झर्व्हेटरचं (जुनी चित्रं जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं). मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, लखनौला सरकारी लॅब आहे, तिथे विचारा. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेट करू नका. आमच्याकडे एक सद्गृहस्थ वडिलांची वॉटरकलर लॅमिनेट करून घेऊन आले होते, वर म्हणे आता कायमची टिकतील.

सगळ्यात महत्त्वाचं, मागची बाजू. जुनी चिठ्ठी, शिक्का, प्रदर्शनाचं लेबल, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, फ्रेमवाल्याचा स्टिकर, हे काढू नका. नवीन फ्रेम करणारा पोरगा पहिलं काम तेच करतो, मागचं सगळं फाडून स्वच्छ ब्राऊन पेपर लावतो. त्याला आधीच दम भरा.

मुंबईला पाठवताना कागद सपाट, दोन बोर्डांच्या मध्ये. गुंडाळायचा नाही. कॅनव्हास गुंडाळायचाच झाला तर जाड रुंद नळीवर, रंगाची बाजू बाहेर. लोक आत करतात आणि उघडल्यावर रंगाचे पापुद्रे मोजत बसतात.

छत्रीबाग_इंदूर

पुठ्ठा काका, तुमचं वाचून आज ट्रंक उघडली. बहुतेक ठीक आहेत, तळाची काही पिवळी पडलीत. पण मागच्या बाजूचं म्हणालात म्हणून एक-एक उलटं करून बघितलं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या मागे जांभळ्या शाईचा अर्धवट पुसलेला शिक्का, त्याखाली पेन्सिलीने "रु. ७५" आणि ते खोडून "विकायचे नाही". अक्षर काकांचंच. एक जाडी वही पण सापडली, त्यात प्रत्येक चित्राची नोंद, महिना, जागा, कुठला कागद, आणि कुणाला दिलं असेल तर कुणाला.

आणि एक नवीनच प्रकार. एक छोटं ऑईल आहे, झाडाखाली बसलेल्या बायका, ते काकांचं नाही. हातच वेगळा. सही आहे पण लागत नाही. वहीतही नाही. फोटो टाकलाय.

भिया_पोहेवाला

भिया हे बेंद्रे तर नाहीत??? लॉटरी!!

राजवाडा_नॉस्टॅल्जिया

मला तर सरळ हुसेन वाटतोय. सुरुवातीचा हुसेन. ते पण इंदूरच्या चित्रशाळेत जायचेच. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला हुसेनचं किती कोटीला गेलं माहितीये ना? आमच्या इंदूरचा माणूस!

कडू_बदाम

तुमच्या इंदूरचा? जन्म पंढरपूरचा हो.

लालटिकली

थांबा थांबा थांबा. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवरून बेंद्रे आणि हुसेन ठरवू नका, आणि छत्रीबाग, कुणाला तसं तोंडानेही सांगू नका. हे असंच पसरतं. इंदूर शाळेतल्या पोरांचा हात एकमेकांसारखा असणारच, मास्तर एक, निसर्गही तोच, सगळे बाहेर बसून एकत्र रंगवायचे. "वाटतोय" याला बाजारात किंमत शून्य आणि नंतर मनस्ताप मात्र भरपूर. २०११ साली कोलकात्याच्या सरकारी आर्ट कॉलेजात रवींद्रनाथांची म्हणून चित्रं प्रदर्शनात लावली होती ती नंतर खोटी निघाली. कॉलेजात होतं हे, कुठल्या गल्लीतल्या दुकानात नाही.

ते चित्र गॅलरीच्या लॉटमध्ये घालू नका. वेगळं ठेवा, सही भिंगाखाली नीट फोटो काढा, कॅनव्हासची मागची बाजू, कडा, खिळे सगळ्याचे फोटो, आणि ज्यांनी त्या काळातलं काम हाताळलंय अशा दोन वेगवेगळ्या लोकांना दाखवा. यूव्ही लॅम्पखाली सही नंतर घातलीये का ते बऱ्याचदा कळतं.

आता त्या न्यूयॉर्कच्या चित्राबद्दल, कारण तिथे सगळे आकडाच बघतात. हुसेनचं "ग्रामयात्रा", १९५४ चं, मार्च २०२५ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात १.३८ कोटी डॉलरला, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपयांना गेलं. पण त्याचे कागद बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामाला दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरांनी १९५४ लाच घेतलं, १९६४ मध्ये ऑस्लोच्या हॉस्पिटलला दिलं, तिथेच राहिलं ते थेट लिलावापर्यंत. मधे कुठे प्रश्नचिन्हच नाही. चित्र थोर आहेच, पण तो माग नसता तर हातोडा तिथपर्यंत पोचला नसता.

म्हणून सांगते, तुमच्याकडे सापडलेली ती वही हेच तुमचं खरं घबाड आहे. तिची पानन्‌पान स्कॅन करा. मूळ वही गॅलरीला देऊ नका, स्कॅन द्या. काकांना इतकी शिस्त होती हेच कॅटलॉगमध्ये छापण्यासारखं आहे.

राजवाडा_नॉस्टॅल्जिया

मग लिलावालाच का नाही द्यायचं सगळं? सॅफ्रनआर्ट वगैरे आहेत की. कमिशनही कमी असतं म्हणतात.

दांडियाबाजार

लिलावाला नाव लागतं राव. आधीच्या विक्रीचे आकडे असतील तर एस्टिमेट (अंदाजे किंमत) लावता येतं, काकांच्या नावावर एकही लिलाव नाही, घेतीलच कशाला. आणि समजा घेतलं आणि बोली आलीच नाही, तर "न विकलेलं" हे नेटवर कायमचं दिसत राहतं, पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक ते काढून दाखवतो. गॅलरीत नाही विकलं तर निदान चारचौघात होत नाही.

ते सहीवालं चित्र जर खरंच कुणाचं निघालं, कागदांसकट, तर मग ते लिलावाला. ती गोष्ट वेगळी.

आणि मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी पण मनातून काढा, कुणीतरी सुचवेलच. जहांगीरला चित्रकाराने अर्ज करायचा, निवड झाली की भाडं भरून आठवडाभर भिंती मिळतात, विकायचं तुमचं तुम्ही. ती वेगळी व्यवस्था आहे.

सीए_लष्करवाले

ग्वाल्हेरहूनच, पण पुठ्ठा काकांचा आणि माझा संबंध नाही (आमची फ्रेम तेच करतात ती गोष्ट वेगळी).

टॅक्सचं कुणीच बोललं नाही. घरातल्या वस्तू विकल्या की टॅक्स नाही असा समज असतो, चित्रांना तो लागू नाही. २००७ च्या बजेटमध्ये पेंटिंग, शिल्प, कलाकृती वैयक्तिक वापराच्या वस्तूंतून बाहेर काढल्या, तेव्हा कॅपिटल गेन (विक्रीतल्या नफ्यावरचा टॅक्स) लागतो. मृत्युपत्राने मिळालं त्यावर मिळताना टॅक्स नाही, विकताना आहे. काकांकडे होतं तो काळही धरला जातो, २४ महिन्यांच्या वर म्हणजे लाँग टर्म, दर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरायची सोय) २३ जुलै २०२४ पासून गेलं. १ एप्रिल २००१ च्या आधीची चित्रं असतील तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत खरेदी म्हणून धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून ठेवा. इथे पुन्हा ती वही कामाला येणार, साल दाखवायला. तुमचा सीए मात्र बघू द्या, माझ्या प्रतिसादावर रिटर्न भरू नका.

गॅलरी गिऱ्हाइकाला जीएसटी लावेल, हाताने काढलेल्या चित्रांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला. करारात किंमत जीएसटी धरून की सोडून, हे लिहा, नाहीतर त्या ५ टक्क्यावरूनही वाद.

आणि तो कॅश वाला व्यापारी. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, दंड घेणाऱ्यालाच, रकमेइतका. म्हणजे तुम्हाला.

वकील_नाही_पण

सीए साहेबांना पुरवणी. १०० वर्षं पूर्ण झालेलं चित्र १९७२ च्या कायद्याने पुरावशेष होतं, देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करायला लायसन्स लागतं. काकांची चित्रं त्यात येत नाहीत अजून. पण चित्रशाळा १९२७ ची, म्हणजे मास्तरांच्या पहिल्या विद्यार्थ्यांचं काम कुणाच्या घरात असेल तर ते आता शंभरीला आलंय. त्या सही न लागणाऱ्या चित्राचं साल म्हणूनही नीट काढा.

मावशी_रामबाग

सगळं वाचलं. कुणी एक गोष्ट विचारली नाही म्हणून विचारते, घरातल्यांचं काय? तुझ्या आत्या, चुलत भावंडं? मृत्युपत्र तुझ्या नावाचं आहे बरोबर, पण शो लागला, पेपरात फोटो आला, की ज्यांनी इतकी वर्षं ट्रंकेकडे ढुंकून बघितलं नाही त्यांना काका आठवतात. आमच्याकडे झालंय म्हणून सांगते. शोच्या आधी सगळ्यांना घरी बोलव, पोहे-जिलबी खाऊ घाल, प्रत्येकाला एक चित्र निवडू दे, आणि त्याच दिवशी बाकीच्या चित्रांबद्दल सगळ्यांच्या सह्या घे. गोडीत घे.

छत्रीबाग_इंदूर

मावशी, नेमकं तेच झालं. धाकट्या आत्याला हा धागा कुणीतरी फॉरवर्ड केला (पोहेवाले भिया, तूच ना?) आणि काल फोन आला की महेश्वरचा घाट माझा. दिला. तिचा हक्कच आहे, काकांना महेश्वरला डबा तीच पाठवायची. बाकीचे रविवारी येताहेत, सह्यांचा कागद तयार ठेवलाय.

बाकी प्रगती अशी. गॅलरीला सगळे मुद्दे मेल केले. तो माणूस फोनवर म्हणाला "तुम्ही कुणा आतल्या माणसाशी बोललात वाटतं", मी नुसता हसलो. सगळं काम द्यायचं रद्द, निवडलेलीच द्यायची. सर्व हक्कांची ओळ काढली. मालकी, इन्शुरन्स, ३० दिवस मान्य. फ्रेमिंग ते करणार, कमिशन मात्र ५० च राहील म्हणाले, शोची तारीख आणि कॅटलॉग करारात लिहून द्यायला तयार आहेत. डिस्काउंट १० पर्यंत निम्मा निम्मा, त्यावर मला विचारून. व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. ते ऑईल कपडा गुंडाळून वेगळं ठेवलंय, पुढच्या महिन्यात मुंबईला नेईन तेव्हा दाखवीन.

आता यादी करायला बसलोय. एक शंका, माप फ्रेमसकट घ्यायचं की फ्रेम सोडून? आणि वॉटरकलरला माउंटमधून (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून) दिसतो तेवढाच भाग की पूर्ण कागद?

लालटिकली

५० ला तारीख आणि कॅटलॉग लिहून देताहेत तर घ्या, चांगला करार झाला.

फ्रेम सोडून. पूर्ण कागद मोजा, आणि माउंटमधून दिसतो तो भाग वेगळ्या रकान्यात. उंची आधी, रुंदी नंतर, सेंटिमीटरमध्ये. उलटं लिहिलंत तर उभं चित्र आडवं समजून फ्रेम कापतात.

पुठ्ठा_आणि_काच

आणि मोजायला लोखंडी टेप वापरू नका, धार लागते कागदाला. शिंप्याची कापडी घ्या.

भिया_पोहेवाला

रविवारी पोहे आहेत असं वाचलं. किती वाजता?